वर्डेलच्या शब्दावर

वर्डेल स्ट्रोझियरनं शाळेची बस चालवली ती गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत. त्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या छोट्या जिल्ह्यात, आज चाळिशीच्या आगेमागे असलेली बहुतेक सगळी काळी माणसं, आणि बरीच गोरीही, कधी ना कधी तिच्या बसमधून शाळेत गेलेली. ती ओरडायची नाही. आरशातून नुसती बघायची, आणि मागच्या बाकावरची मारामारी आपोआप थांबायची. त्या पोरांतलं एक आज पोलिसात आहे, एक बँकेत बसतं, एकीनं केस कापायचं दुकान काढलंय. पण वर्डेल दारातून आत आली की अजूनही सगळ्यांचे आवाज खाली येतात. "मिस वर्डेल, या, बसा."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी जॅक्सनव्हिलला, तिच्या संसारात. वर्डेलचं जग म्हणजे माउंट ऑलिव्हचं चर्च, मागच्या अंगणातल्या भाज्या आणि मावसभाऊ क्लिओफस टूक्सच्या घरी शनिवारची मासळी. चर्चमध्ये ती दारापाशी पांढरे हातमोजे घालून उभी राही आणि आलेल्या माणसाला जागेवर नेऊन बसवी. कोणाला कुठे बसवायचं, कोणाचं कोणाशी वाजलंय, हे तिला सांगावं लागत नसे.

तिची कंबर दुखायला लागली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. तिलाही नाही. मातीच्या रस्त्यांवरून इतकी वर्षं बस हाकल्यावर कंबर दुखणार नाही तर काय होणार? गावातल्या दवाखान्यातही तेच सांगितलं आणि गोळ्या दिल्या. तिनं ते दुखणं वर्षभर अंगावर काढलं. मग एका रविवारी भर प्रार्थनेत ती शिंकली आणि कडकन आवाज होऊन तिची बरगडी मोडली. क्लिओफस पुरुषांच्या गायनमंडळात खर्जात गायचा, तो मागच्या रांगेत होता. दुसऱ्या दिवशी भेटायला आला तेव्हा म्हणाला, "पवित्र आत्मा अंगात येताना बघितलाय मी पुष्कळांच्या. बरगडी मोडून आलेला पहिल्यांदाच बघितला."

ती हसली आणि हसल्याचाही त्रास झाला.

शिंकेनं बरगडी का मोडावी, याचा शोध लागला तेव्हा कळलं की हाडांच्या आत, जिथे रक्त तयार होतं, तिथे कॅन्सर आहे. मायलोमा. औषधं सुरू झाली. दोनेक वर्षं बरी गेली, मग आजार परत आला. तेव्हा तिला अटलांटाला पाठवलं. गाडीनं साडेतीन तासांचा रस्ता. तिथल्या मोठ्या इस्पितळात हॅलम नावाच्या गोऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. उंच, केस पांढरे, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी सांगितलं की एक नवीन औषध आहे, अजून बाजारात नाही, त्याची चाचणी चालली आहे.

"या चाचणीत आमच्यातले किती आहेत?" वर्डेलनं विचारलं.

"फार थोडे. लाज वाटावी इतके थोडे," हॅलमबाई म्हणाल्या. "हा आजार काळ्या माणसांना गोऱ्यांच्या दुपटीनं होतो. औषधं मात्र तपासली जातात ती बहुतेक गोऱ्यांवर. तुमच्यात ती कशी लागू पडतील ते आम्हाला नीट माहीत नाही."

"म्हणजे गरज तुम्हाला आहे."

"हो. आणि तुम्हाला औषधाची. पण ते लागू पडेलच असं मी म्हणणार नाही."

वर्डेल पुढे लोकांना सांगायची की मी काही समाजासाठी वगैरे हो म्हटलं नाही. पाठ दुखत होती, आणि त्या बाईनं सरळ विचारलेल्याला सरळ उत्तर दिलं, एवढंच.

औषध लागू पडलं. पहिले काही आठवडे वाईट गेले, थंडी वाजायची, तोंडाची चव गेली. मग हळूहळू दुखणं ओसरलं. वसंत ऋतूत ती पुन्हा वाकून भाजीचे वाफे करायला लागली, आणि चर्चच्या दारात पुन्हा हातमोजे घालून उभी राहिली.

इस्पितळात डीड्रा पोप नावाची एक तरुण काळी मुलगी होती. अटलांटाचीच, चटपटीत. चाचणीत आपली माणसं यावीत म्हणून गावोगाव फिरणं हे तिचं काम. तिनं वर्डेलला हेरलं. डीड्रा चर्चच्या हॉलमध्ये येऊन तासभर बोलली की लोक माना डोलवायचे, तळलेलं चिकन खायचे आणि घरी जायचे. वर्डेल उठून म्हणाली, "मी घेतलंय. मी इथे उभी आहे," की चार जणी तिच्याभोवती जमायच्या. वर्षभरात तिच्या शब्दावर पाच-सहा जण अटलांटाला गेले. काहींना घेतलं, काहींना नाही. मग इस्पितळानं तिचा फोटो काढला, आणि हमरस्त्यावर, काउंटीच्या हद्दीपाशी भला मोठा फलक लागला. पांढऱ्या पोशाखातली वर्डेल, आणि खाली, 'तुमचीही जागा आहे.'

"भर रस्त्यावर तुझं तोंड लावलंय," क्लिओफस म्हणाला. "आता तुझ्या भीतीनं तरी सरकार खड्डे बुजवेल."

मग क्लिओफसला तोच आजार झाला.

तो भुईमुगाच्या शेंगांच्या गिरणीत आयुष्य काढून निवृत्त झालेला गडी. खांदे अजून भरीव होते, तोंड अखंड चालू. पहिल्या औषधांनी त्याला काहीच गुण आला नाही. वर्डेल त्याच्याकडे गेली तेव्हा अंगणात मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात ओल्या शेंगा उकडत होत्या, आणि तो खुर्ची टाकून जाळाकडे बघत बसला होता.

"तुझ्या त्या डॉक्टरीणबाईनं बोलावलंय मला," तो म्हणाला. "नको जाऊस म्हण, म्हणजे मी सुटलो."

"मी तसं म्हणणार नाही."

"मला माहीत होतं." त्यानं काठीनं जाळ सारखा केला. "माझ्या आईचं तुला ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. क्लिओफस पाळण्यात असताना त्याची आई, लॉटी मावशी, पोटात दुखतं म्हणून काउंटीच्या इस्पितळात गेली होती, काळ्यांसाठी तळघरात वॉर्ड असायचा तिथे. आतड्याचं काहीतरी कापलं असं सांगून त्यांनी तिला घरी पाठवलं. त्यानंतर तिला मूल झालं नाही. का झालं नाही, ते दहा वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरनं तपासताना सहज सांगून टाकलं: मूल होऊ नये म्हणून तिच्या नळ्या कापल्या होत्या.

"मला भावंडं नाहीत म्हणून लोक हळहळायचे," क्लिओफस म्हणाला. "माझी आई एका पोरावर थांबली नव्हती, वर्डेल. तिला थांबवलं होतं. न विचारता."

"मला विचारलं त्यांनी. सगळं वाचून दाखवलं. मधेच नको वाटलं तर सोडून द्या म्हणाले."

"विचारलं म्हणून हो म्हणायचं, का इतकं गोड विचारतायत म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असं समजायचं? मला तेच कळत नाही."

वर्डेलनं दुसरंच काढलं. "नातीचं लग्न आहे ना पुढल्या वर्षी? का शेंगाच उकडत बसणार आहेस?"

क्लिओफसची बायको जॉनी रूथ झारा घेऊन बाहेर आली होती. ती कमी बोलायची. गिरणीच्या कचेरीत हिशेब बघायची तेव्हापासून तिची सवय होती, सगळं ऐकून घ्यायचं आणि मग एकच प्रश्न विचारायचा. तिनं विचारलं, "आणि इथे आल्यावर काही झालं तर? आपलं इस्पितळ तर बंद पडलं."

पडलं होतं खरं. काउंटीचं ते जुनं इस्पितळ परवडत नाही म्हणून बंद केलं होतं, त्या इमारतीत आता जुन्या कपड्यांचं दुकान होतं.

"फोन नंबर देतात," वर्डेल म्हणाली. "दिवसरात्र कोणीतरी असतं तिथे."

तिनं स्वतः तो नंबर कधी फिरवला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. पण ती अशा ठामपणे बोलली की जॉनी रूथनं झारा पातेल्यात घातला आणि शेंगा ढवळायला लागली. क्लिओफस उठला. "बसवाली म्हणाली बस, की बसायचं," तो म्हणाला. "हिची बस नव्हती तेव्हापासून हेच चाललंय."

पण अटलांटाला त्याला घेतलं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, नियमात बसत नाही, म्हणाले. क्लिओफसला मनातून बरंच वाटलं असावं. वर्डेलच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. तिनं डीड्राला फोन केला. "फलकावर लिहिता जागा आहे, आणि माणूस दारात आला की नाही म्हणता? त्याच्या पेशी जन्मापासून कमी आहेत. माझ्याही कमीच आहेत, मी काठावर बसले म्हणून आत आले. आम्हा बऱ्याच जणांच्या अशाच असतात, हे हॅलमबाईंनीच मला सांगितलंय. मग नियम कोणाला बघून केला?"

हॅलमबाईंनाही तो नियम खुपतच होता. त्यांनी औषध कंपनीशी बरीच लिखापढी केली, आणि काही आठवड्यांनी नियम सैल झाला. निव्वळ ठेवणच तशी आहे, आजारानं कमी झालेल्या नाहीत, अशा माणसाला घ्यायचं ठरलं. त्या नियमानं आत आलेला पहिला माणूस क्लिओफस. त्या दिवशी वर्डेलला आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं होतं.

ती स्वतः त्याला गाडीनं न्यायची. पहाटे निघायचं, दुपारी औषध, संध्याकाळी परत. जॉनी रूथला लांबच्या प्रवासात मळमळायचं, ती घरी थांबायची. पहिल्या खेपांना त्याला इस्पितळात ठेवून घेतलं, मग सोडलं. दोन-अडीच महिन्यांत आजार निम्म्यावर आला. क्लिओफस पुन्हा शनिवारी मासे तळायला लागला आणि तेल जळतंय म्हणून बायकोची बोलणी खायला लागला.

ऑगस्टमध्ये चर्चचा मेळावा असतो. बाहेरगावी गेलेली सगळी माणसं त्या रविवारी परत येतात. डेट्रॉइटहून, न्यूअर्कहून. अंगणात लांबच लांब टेबलं लावून जेवण असतं. त्या रविवारी क्लिओफस दोन गाणी गायला. तिसऱ्याला खाली बसला. घाम पुसत होता, पण घाम सगळ्यांनाच येत होता. वर्डेलनं लांबूनच खुणेनं विचारलं, बरं आहे ना? त्यानं हात हलवला.

त्याला शनिवारपासून ताप होता. त्यानं कोणाला सांगितलं नाही. डेट्रॉइटची भाची वर्षानं आली होती, तिचा दिवस कशाला बिघडवायचा. सोमवारी सकाळी तो पलंगावरून उठेना तेव्हा जॉनी रूथनं कपाळाला हात लावला, आणि लागलीच तो नंबर फिरवला.

आधी यंत्र बोललं. मग संगीत वाजत राहिलं. मग कोणीतरी आलं, त्याला क्लिओफस कोण ते माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं, जवळच्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या. जवळचं म्हणजे तीन काउंट्या ओलांडून. रुग्णवाहिका काउंटीत एकच, ती दुसरीकडे गेलेली. शेवटी वर्डेलच आपली गाडी घेऊन आली आणि दोघींनी मिळून त्याला मागच्या सीटवर घातलं. तिथे पोचल्यावर जॉनी रूथनं तीनतीनदा सांगितलं की हे चाचणीतलं औषध घेतायत. ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. त्यानं त्या औषधाचं नाव ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला उन्हाळ्यात ताप, पाणी कमी पडलं असेल, म्हणून सलाईन लावून बाहेरच्या खोलीत ठेवलं. अटलांटाशी बोलणं होऊन खरा प्रकार त्याच्या ध्यानात येईपर्यंत दुपार टळली होती. हेलिकॉप्टरनं अटलांटाला नेलं. जंतू रक्तात पसरले होते. त्याच आठवड्यात क्लिओफस गेला.

अंत्यविधीच्या सकाळी वर्डेल पांढरा पोशाख करून चर्चला गेली. दारात उभं राहून माणसांना बसवणं हे तिचं काम, आणि आज ते नीट व्हायला हवं होतं. जॉनी रूथ गाडीतून उतरली, मुलाच्या दंडाला धरून पायऱ्या चढली आणि तिच्यासमोर थांबली.

"आज तू नको," ती हळूच म्हणाली. "आज दुसऱ्या कोणाला तरी मला बसवू दे."

वर्डेल बाजूला झाली. हातमोजे काढून तिनं पर्समध्ये टाकले आणि शेवटच्या बाकावर बसली. पुरुषांच्या मंडळानं गाणं म्हटलं. खर्जात एक जागा रिकामी आहे हे गाणं न कळणाऱ्यालाही कळत होतं.

कोणी तिला टाकून बोललं नाही. त्या गावची रीत तशी नाही. केस कापायच्या दुकानात गेली की विषय बदलायचा, इतकंच. किराणा दुकानात रांगेत उभी असताना मागून एक म्हातारा नुसतं म्हणाला, "माणसामागे काय देतात गं ते लोक?" तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिला काही मिळत नव्हतं, पण हे कोणाला सांगत बसणार, आणि सांगितल्यानं काय होणार? हमरस्त्यावरून घरी येताना स्वतःचाच हसरा चेहरा लागायचा, म्हणून ती आतल्या मातीच्या रस्त्यानं यायला लागली.

आणि औषध तिला लागू पडतच होतं. सगळ्यात वाईट ते होतं. ज्या औषधानं क्लिओफसची ताकद काढून घेतली, तेच टोचून घ्यायला ती महिन्याच्या महिन्याला जायची आणि बरी होऊन परत यायची. शेजारची सीट रिकामी असायची.

महिन्याभरानं डीड्राचा फोन आला. "मिस वर्डेल, तुमच्या दुःखाची कल्पना आहे मला. पण पलीकडच्या काउंटीत सभा ठरली आहे. तुम्ही आलात तर..."

"आधी जॉनी रूथकडे येऊन काय झालं ते सांगा."

"तसं सांगण्याचे नियम असतात, मिस वर्डेल."

"बायको आहे त्याची. कोणता नियम आडवा येतो?"

डीड्रानं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मला तुमच्याशी खोटं बोलायचं नाहीये. वरच्यांना भीती वाटते. कोर्टकचेरीची."

"आम्हालाही वाटते. तरी आम्ही येतो ना तुमच्याकडे?"

पुढच्या तपासणीला तिनं हॅलमबाईंना तेच सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. आणि एका शुक्रवारी दुपारी त्यांची गाडी जॉनी रूथच्या अंगणात येऊन उभी राहिली. बरोबर डीड्रा. वर्डेलला जॉनी रूथनंच निरोप पाठवला होता, "तूही ये. तुझ्यासमोर होऊ दे." तिघी सोफ्यावर, जॉनी रूथ समोर ताठ पाठीच्या खुर्चीत. तिनं गोड चहाचे पेले पुढे ठेवले, कारण दारी आलेल्याला काही न देणं तिला जमलं नसतं. स्वतः घेतला नाही.

हॅलमबाईंनी सगळं सांगितलं. औषध कॅन्सरला दाबत होतं, पण जंतूंशी लढायची अंगातली ताकदही कमी करत होतं. म्हणून ताप आला की तासाभरात औषध मिळायला हवं. त्याला दोन दिवस लागले.

"आधी तुम्ही त्याला नाही म्हणाला होता," जॉनी रूथ म्हणाली. "पेशी कमी म्हणून. मग हो का म्हणालात? ते नाही म्हणणंच बरोबर होतं का?"

वर्डेलनं मान खाली घातली. हा प्रश्न ती स्वतःला रोज विचारत होती.

"मी ते पुन्हापुन्हा तपासलं," हॅलमबाई म्हणाल्या. "मला नाही वाटत त्यामुळे झालं. त्याच्या पेशी आयुष्यभर तेवढ्याच होत्या आणि तो धडधाकट होता. पण शंभर टक्के खात्री आहे असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुमच्यासारख्यांचा अनुभवच आमच्याकडे कमी आहे."

"मग कशानं गेला? औषधानं का उशिरानं?"

"दोन्हीनं. नुसत्या उशिरानं म्हटलं तर माझी सुटका होते, म्हणून म्हणत नाही."

"तुम्हाला आमची माणसं हवीत," जॉनी रूथ म्हणाली. "आम्ही तुमच्यापर्यंत यायचं. रस्ता आमचा, गाडी आमची, ताप आमचा. तुम्ही आमच्याकडे यायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझा नवरा गेल्यावर आज पहिल्यांदा आलात."

डीड्राच्या डोळ्यांत पाणी आलं. हॅलमबाईंनी मान हलवली. समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, ते बरं झालं.

त्या भेटीतून काही गोष्टी झाल्या, लगेच नाही, ढकलत ढकलत. काउंटीच्या आरोग्य केंद्रात इस्पितळाची एक नर्स ठरावीक दिवशी येऊन बसायला लागली, रक्त तपासायला अटलांटाला जायची गरज उरली नाही. रुग्णवाहिकेवरच्या पोरांना शिकवलं की या लोकांना ताप आला तर काय करायचं, आणि तीन काउंट्यांपलीकडच्या त्या इस्पितळातल्या डॉक्टरांनाही. फोनवर माणूस बोलायला लागला. वर्डेलनं फलक उतरवायला लावला. डीड्रा म्हणाली, दुसरा फोटो लावू का? वर्डेल म्हणाली, "भुईमुगाचा लावा."

सभांना ती पुन्हा जायला लागली, पण तिचं बोलणं बदललं होतं. आता ती आधी क्लिओफसचं सांगायची. त्याचा ताप, त्याचं गप्प राहणं, तो फोन, ती दुपार, सगळं. मग स्वतःचं सांगायची. मग खाली बसायची. पूर्वी चार जणी भोवती जमायच्या तिथे आता एखादी यायची, कधी कोणीच नाही. वरच्यांनी डीड्राला विचारलं की या बाईला कशाला नेता? डीड्रानं नेणं सोडलं नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं.

रेजिना बायर्ड म्हणून शाळेतली शिक्षिका, तीही लहानपणी वर्डेलच्या बसमधली. तिला हाच आजार निघाला तेव्हा ती येऊन स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "मिस वर्डेल, तुम्ही सांगाल तसं करते."

"मी सांगणार नाही," वर्डेल म्हणाली. "मला माहीत आहे ते सगळं देते तुला. ठरव तू."

"पूर्वी सांगायचात."

"पूर्वी मला सगळं माहीत आहे असं वाटायचं."

रेजिना मग जॉनी रूथकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते वर्डेलला कळलं नाही. रेजिना चाचणीत गेली. तिचं बरं चाललंय, अगदी चांगलं नाही, पण शाळेत जाते.

जॉनी रूथ वर्डेलशी बोलत नसे असं नाही. चर्चमध्ये मान हलवायची, ईस्टरला केक पाठवायची. पण घरी आली नव्हती. दुसऱ्या वर्षी, अक्रोडासारखे पेकान झाडांवरून पडायला लागले त्या दिवसांत, एका दुपारी ती आली. वर्डेलनं कॉफी केली. बराच वेळ दोघी हवेबद्दल, नातीच्या लग्नाबद्दल बोलल्या. मग जॉनी रूथनं कप खाली ठेवला.

"त्याच्याबरोबर गाडीत इतके तास असायचीस तू. काय बोलायचा तो?"

वर्डेल म्हणाली, "झोपायचा जास्त. उठला की अटलांटाच्या ड्रायव्हरांना शिव्या. गाणं लावलं की म्हणायचा, हा माणूस बेसूर आहे, बंद कर."

जॉनी रूथच्या तोंडावर हसू येऊन गेलं. "आणि?"

आणि होतंच. एकदा परतताना, अंधार पडता पडता, क्लिओफस खिडकीकडे तोंड करून बोलला होता. ते वर्डेलनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आपल्यावरचं झटकतेय असं वाटलं असतं, आणि कदाचित ते खरंही असतं.

"विचारतेयस म्हणून सांगते," ती म्हणाली. "म्हणाला, तू मला ढकललंस असं सगळ्यांना वाटतंय. तुलाही. पण मला जगायचं होतं. आईचं तसं झालेलं असताना मी आपल्या पायांनी त्यांच्या दारात जायचं म्हणजे लाज वाटत होती. म्हणून तुझ्या नावावर खपवलं."

बाहेर अंगणात कोणाचं तरी कुत्रं पाचोळ्यात हुंगत फिरत होतं.

"हे तू बनवून सांगत असशील तर?"

"तसं वाटत असेल तर तसं धर. मी काही म्हणणार नाही."

"लाजायचाच तो," जॉनी रूथ म्हणाली. "ताप आलेलाही म्हणूनच नाही बोलला. पन्नास वर्षं मी त्याची लाज सांभाळली, आणि त्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं नाही. मी त्याच्याच शेजारी झोपत होते, वर्डेल."

वर्डेलनं तिच्याकडे बघितलं. इतके दिवस तिला वाटत होतं की हा दोष एकट्या आपल्या वाट्याला आलाय, आणि जॉनी रूथ तो दुरून बघतेय. तुझी चूक नव्हती, असं म्हणणं सोपं होतं, पण तेच कोणी आपल्याला म्हटलं तेव्हा त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

"आणखी कॉफी देऊ?" तिनं विचारलं.

"अर्धा कप," जॉनी रूथ म्हणाली. मग कप पुढे करून, "तो बेसूर कोणाला म्हणायचा, ते सांग. सगळ्यांची नावं सांग."